नवीन गाडी मॉडिफाय करायची की स्टॉकच ठेवायची? आधी हे वाचा मग दुकानात जा

गाडी बुक केली की डिलिव्हरीच्या आधीच डोक्यात यादी सुरू होते, अलॉय बसवू, टचस्क्रीन टाकू, हेडलाइटला एलईडी, सीट कव्हर तर हवंच, जमलं तर मागे एक बास ट्यूब. मग चार लोकांना विचारायचं, त्यातले दोघं म्हणणार बाहेरून करून घे निम्म्यात होतंय, दोघं म्हणणार हातच लावू नको वॉरंटी जाईल. मला दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात. मडफ्लॅप लावणं पण मॉडिफिकेशन आणि ईसीयू रीमॅप करणं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रामिंग बदलणं, पण मॉडिफिकेशन, त्यांच्या मधे पन्नास गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचा हिशोब वेगळा. उदाहरणाला स्विफ्ट घेतो कारण ती आपल्याकडे गल्लोगल्ली आहे, पण पंच, एक्स्टर, बलेनो, ब्रेझा काहीही असलं तरी विचार करायची पद्धत तीच.

सगळ्यात आधी एक सांगतो, दुसऱ्या फ्री सर्व्हिसपर्यंत गाडी शक्यतो जशी आली तशीच चालवा. मारुतीत पहिली सर्व्हिस एक हजार किमी किंवा एक महिन्याला असते, दुसरी पाच हजार किमी किंवा सहा महिन्यांनी, यातलं जे आधी होईल ते. तेवढा वेळ द्या. कारण नवीन गाडीत काही कुरकुर निघायची असेल, डॅशबोर्डमधून खडखड, काच खाली करताना आवाज, बॅटरी उतरणं, तर ती याच काळात निघते, आणि गाडी पूर्ण स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी, असेल तर ते सगळं निस्तरणं शोरूमचं काम, त्यांना पळवाट नाही. एकदा का तुम्ही बाहेरून स्टिरिओ बसवला की मग बॅटरी कशानेही उतरू दे, सर्व्हिस ॲडव्हायझर पहिलं बोट त्या स्टिरिओकडेच दाखवणार, आणि खरंच त्याच्यामुळे नाही हे सिद्ध करत बसायचं तुम्हाला. या सहा महिन्यांत मोबाइलमध्ये एक नोट उघडून ठेवा आणि गाडीत जे खटकेल ते तिथे लिहीत जा. सहा महिन्यांनी ती नोट वाचली की बुकिंगच्या वेळची निम्मी यादी आपोआप गळलेली असते आणि दोन-तीन नव्याच गोष्टी आलेल्या असतात ज्या शोरूममध्ये बसून सुचल्याच नसत्या.

एक उदाहरण देतो. नवीन गाडीवाल्यांची सगळ्यात कॉमन तक्रार म्हणजे हेडलाइटचा उजेड कमी पडतो, आणि आठवड्याच्या आत एलईडी बल्ब टाकून मोकळे होतात. आता स्टेअरिंगच्या उजव्या बाजूला खाली एक छोटं गोल चाक असतं, त्यावर ०, १, २, ३ असे आकडे. ते हेडलाइट वरखाली करायचं चाक. ० म्हणजे लाइट सगळ्यात वर, आकडा वाढवाल तसा उजेड खाली झुकतो, मागे माणसं आणि सामान भरून गाडीचं नाक वर झालं की समोरच्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून ही सोय. कुणीतरी हात लावून ते २ किंवा ३ वर गेलेलं असतं आणि गाडीत एकटा माणूस, मग दिसणार काय? आधी ते ० वर करून बघा. तरी शंका असेल तर संध्याकाळी सपाट जागेवर गाडी भिंतीला अगदी जवळ लावा, लो बीम लावून त्याची वरची कड भिंतीवर कुठे येते तिथे चिकटपट्टी लावा, मग सरळ रिव्हर्स घेत दहा मीटर मागे या. ती कड आता पट्टीच्या साधारण वीतभराच्या आत, म्हणजे दहा सेंटीमीटरच्या आसपास खाली यायला हवी. फारच खाली असेल किंवा एक बाजू वर एक खाली असेल तर अलाइनमेंट चुकलंय, सर्व्हिसला सांगा, वॉरंटीत फुकट करून देतात. बऱ्याच जणांचा उजेडाचा प्रश्न इथेच संपतो.

आता ज्यांनी अजून गाडी बुक केलेली नाही त्यांच्यासाठी, कारण खरा निर्णय तिथेच असतो. खालचं व्हेरियंट घेऊन बाहेरून करायचं की सरळ वरचं घ्यायचं? मी एकच प्रश्न विचारतो, वरच्यात जे जास्त मिळतंय ते नंतर बसवता येण्यासारखं आहे का. अलॉय, स्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, स्पीकर हे सगळं नंतर बसतं. एअरबॅग, ईएसपी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा), मागचा वायपर आणि डीफॉगर, क्रूझ कंट्रोल, ऑटो एसी हे नंतर नीट बसत नाही, आणि एअरबॅग तर बसूच शकत नाही. म्हणून फरक सेफ्टीचा असेल तर थोडी ओढाताण करून वरचं घ्या, फरक फक्त दिसण्याचा आणि गाण्यांचा असेल तर खालचंच बरं. स्विफ्टचं बघा, मे २०२४ ला जी नवीन आली तिच्यात सहा एअरबॅग आणि ईएसपी सगळ्याच व्हेरियंटला दिलेत, त्यामुळे तिथे व्हीएक्सआय या मधल्या व्हेरियंटवर थांबायला मन खात नाही. पैशांचा हिशोब करताना नुसता एक्स शोरूमचा फरक धरू नका, महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला अकरा टक्के रोड टॅक्स आहे, म्हणजे व्हेरियंटमध्ये लाखाचा फरक असेल तर अकरा हजार टॅक्सचेच वाढले, वर इन्शुरन्स, आणि लोन असेल तर त्या सगळ्यावर व्याज. उलट बाजूही बघा, वरच्या व्हेरियंटचे पैसे विकताना काही प्रमाणात परत येतात, बाहेरून बसवलेल्याचे जवळपास काहीच येत नाहीत.

बुकिंग झालं की शोरूमवाला ॲक्सेसरीजचं पॅकेज पुढे करतो, वीस हजार, तीस हजार, आणि बोलतो असं की घ्यावंच लागतं. घ्यावं लागत नाही. स्पष्ट सांगा की मॅट आणि मडफ्लॅप सोडून काही नको आणि ते कोटेशनवर लेखी घ्या. पाडवा, दसरा, धनत्रयोदशीला तर एकेका शोरूममध्ये गाड्यांची रांग लागलेली असते, फिटिंग करणारी पोरं रात्री उशिरापर्यंत घाईघाईत गाड्या उरकत असतात, त्यात तुमच्या गाडीचं दाराचं ट्रिम (आतलं पॅनेल) उघडून काय जोडलं कुणाला बघायला वेळ आहे? मुहूर्तावर गाडी घरी आणा, पूजा करा, ॲक्सेसरीज नंतर शांतपणे बसवा. आणि रिव्हर्स सेन्सर वेगळे विकत असतील तर लक्षात ठेवा, जुलै २०१९ पासून नवीन गाड्यांना ते कंपनीतूनच बंधनकारक आहेत.

मॅट घेताना एकावर एक टाकू नका. कंपनीच्या कार्पेटवर रबराचं, त्याच्यावर पुन्हा सेव्हन डी (जाड, रेक्झिनचं मॅट), असं केलं की वरचं सरकून ॲक्सिलरेटरच्या खाली जातं. ड्रायव्हरच्या बाजूला एकच मॅट आणि ते हुकमध्ये अडकलेलं.

सीट कव्हरवर जरा जास्त बोलतो कारण हे सगळे करतात आणि यातला धोका फार कमी जणांना माहितीये. साइड एअरबॅग सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेत, दाराकडच्या बाजूला असते, तिथे शिवणीजवळ एअरबॅग लिहिलेला छोटा टॅग दिसेल बघा. धडक झाली की सेकंदाच्या अगदी छोट्या भागात ती शिवण फाटून फुगा बाहेर यायला हवा. त्यावर तुम्ही जाड रेक्झिनचं कव्हर घट्ट शिवून बसवलं तर तो फुगा बाहेर पडायला उशीर होतो किंवा भलतीकडेच जातो, आणि कुशीत येणाऱ्या धडकेला वेळ हीच सगळी गोष्ट आहे. कव्हर घालायचंच असेल तर त्या बाजूला मुद्दाम कमजोर दोऱ्याची शिवण असलेलं किंवा ती कड मोकळी सोडलेलं घ्या, गाडीच्या कंपनीच्या ॲक्सेसरीत असं मिळतं. बाहेरच्या दुकानात विचारा की एअरबॅगची शिवण कुठली ती दाखव. दाखवता आली नाही तर तिथून घेऊ नका, कितीही सुंदर दिसत असलं तरी. आणि सीट फोम खराब होईल म्हणून घालत असाल तर पातळ सुती कव्हर किंवा नुसता टॉवेलही पुरतो.

तीच गोष्ट डॅशबोर्डवरच्या बाप्पांची. श्रद्धेचा विषय आहे, मूर्ती ठेवा, मी पण ठेवतो, पण डाव्या बाजूला ग्लोव्हबॉक्सच्या वर जिथे एअरबॅग लिहिलंय त्या झाकणावर नको. ते झाकण उघडतं तेव्हा त्यावरची प्रत्येक वस्तू शेजारी बसलेल्याच्या तोंडावर जाते, आणि शेजारी बहुतेक वेळा आपली आई नाहीतर बायको असते. मधोमध, एसीच्या व्हेंटच्या वर, छोटी हलकी मूर्ती ठेवा. परफ्युमच्या जड काचेच्या बाटल्या नकोतच. आणि सीटबेल्टचा टिंगटिंग आवाज बंद करायची ती क्लिप कुणी गिफ्ट दिली तरी फेकून द्या, २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ती ऑनलाइन विकायलाच मनाई केली, आणि एअरबॅग बेल्ट लावलेला आहे हे धरूनच बनवलेली असते.

कायद्याचं आता. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ असं सांगतं की आरसीवर कंपनीने दिलेली जी माहिती आहे तिच्यापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलायची नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळातल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायदा बदलला आणि कलम १८२ए आलं, त्यात मालकाने बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे नीट वाचा. त्यामुळे काही करायच्या आधी आरसी हातात घ्या आणि बघा, इंजिन, इंधन, सीट किती, रंग, वजन. या रकान्यांना धक्का लागत असेल तर आधी आरटीओची परवानगी आणि नोंद, मगच काम. पूर्ण गाडीचा रंग बदलणारं रॅप (गाडीवर चिकटवायची रंगीत फिल्म) पण याच्यात आलं. रंग तोच ठेवून पारदर्शक पीपीएफ, म्हणजे रंग जपणारी फिल्म, करणार असाल तर काही अडचण नाही.

बुलगार्डचं तर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने सगळ्या राज्यांना कारवाई करा म्हणून कळवलंय. लोकांना वाटतं गार्डमुळे गाडी वाचते. पार्किंगमध्ये बंपर वाचत असेलही, पण मोठ्या धडकेत गाडीचा पुढचा भाग चुरगळायलाच हवा, तो चुरगळतो म्हणून धक्का आतल्या माणसापर्यंत कमी पोचतो. लोखंडी गार्ड थेट चासीला बोल्ट केला की धक्का सरळ चासीत, आणि एअरबॅगच्या सेन्सरला जी वेळ, जो जोर अपेक्षित होता तो पण बदलतो. समोर पायी चालणारा माणूस आला तर त्याचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. मला हा एकच प्रकार असा वाटतो की ज्याच्या बाजूने एकही मुद्दा नाही.

काळ्या काचा, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने काचेवर फिल्म चिकटवण्यावर बंदी घातली, केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आत यायला हवा. पुढे नियमात बदल झाले आणि २०२४ मध्ये केरळ हायकोर्टाने या मर्यादेत बसणारी फिल्म चालेल असं म्हटलं, पण आपल्याकडे रस्त्यावर फिल्म दिसली की गाडी बाजूला घेतात आणि तिथे केरळचा निकाल दाखवून वाद घालण्यात अर्थ नाही. उन्हासाठी उभ्या गाडीला पुढच्या काचेला आतून चंदेरी शेड लावा. नंबर प्लेटला हात लावू नका, एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीकडूनच येते, दादा, राज, बॉस वगैरे आकड्यांची कलाकुसर त्यावर चालत नाही.

हेडलाइटवर परत येतो, कारण चाक फिरवून, अलाइनमेंट करूनही समाधान झालं नाही तर काय. ज्या गाडीला हॅलोजन बल्बचा रिफ्लेक्टर आहे तो रिफ्लेक्टर बल्बची तार नेमकी कुठे आहे ते धरून घडवलेला असतो. त्यात एलईडी घातला की उजेड निघणारी जागा बदलते, मग पुढे रस्त्यावर डाग-डाग आणि समोरच्याच्या डोळ्यात आग. ड्रायव्हरला मात्र वाटतं काय भारी उजेड आहे, कारण जवळचा रस्ता पांढरा फटक दिसतो, लांबचं खरं कमीच दिसत असतं. पावसाळ्यात आंबोली नाहीतर ताम्हिणी उतरताना धुक्यात हा पांढरा उजेड भिंतीसारखा परत तुमच्यावरच येतो, आणि वळणावर समोरून येणारा एसटीचा ड्रायव्हर काही क्षण आंधळा होतो, त्या बसमध्ये पन्नास माणसं असतात. ९०/१०० वॅटचे बल्बपण नकोत, कंपनीचा ५५/६० चा असतो, लो बीमला एका बल्बमागे साडेचार अँपिअरच्या जागी साडेसात जायला लागतात, वायरिंग आणि प्लॅस्टिकचं होल्डर दोन्ही तापतं. तेवढ्याच वॅटचा चांगल्या कंपनीचा जास्त उजेडाचा हॅलोजन टाका, पुढची काच आतून-बाहेरून लख्ख ठेवा, आणि घाटातलं येणंजाणं नेहमीचं असेल तर बंपरमधल्या कंपनीच्या जागेत पिवळे फॉगलॅम्प बसवून घ्या, त्याचा कप्लर, म्हणजे वायरिंगचा तयार जोड, बऱ्याच गाड्यांमध्ये आधीच सोडलेला असतो.

यावरून वायरिंग, जी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. नियम एकच, वायर कापायची नाही. एका ओळखीच्यांची गाडी होती, रिव्हर्स कॅमेरा एका दुकानात बसवलेला, पहिल्या पावसाळ्यात मागचे दिवे आपोआप लागायला लागले, कधी रिव्हर्स घेताना स्क्रीन काळी. डिकीचं ट्रिम उघडून बघितलं तर रिव्हर्स लाइटची वायर ब्लेडने सोलून त्याला दुसरी वायर नुसती पिळून गुंडाळलेली, वर काळी टेप, आणि त्या टेपचा गोंद उन्हाने वितळून सगळीकडे चिकट झालेला. टेप सुटली होती, तांब्यावर हिरवट बुरशी धरलेली, आणि ती जागा नेमकी डिकीच्या रबरातून पाणी उतरतं त्याच्या खाली. नवीन गाडीत दिवे, वायपर, लॉक सगळं एका बॉडी कंट्रोल मोड्यूलमधून चालतं, अशा एका जोडाने तो बिघडला तर खर्च कॅमेऱ्याच्या कितीतरी पट आणि वॉरंटीत कुणी धरत नाही.

म्हणून दुकानात गेल्यावर विचारा, माझ्या मॉडेलचा कप्लर आहे का. कप्लर म्हणजे कंपनीच्या सॉकेटला जसाच्या तसा बसणारा जोड, काही कापायचं नाही, काढला की गाडी पूर्ववत. स्क्रीन, स्पीकर, कॅमेरा सगळ्याचे मिळतात, थोडे पैसे जास्त पडतात, ते द्या. पुण्यात नाना पेठ असो की मुंबईत ऑपेरा हाउस नाहीतर कुर्ल्याचा सीएसटी रोड, मालाला तोटा नाही, फरक फिटिंग करणाऱ्या हातात आहे, त्यामुळे आधी अर्धा तास उभं राहून तो दुसऱ्या कुणाची गाडी कशी उघडतोय ते बघा. डॅशकॅमसारख्या (काचेवर लावायचा, समोरचा रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा) गोष्टीला फ्यूजबॉक्समधून फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसणारा, वायर न कापता लाइन देणारा जोड) लावून लाइन घ्यायची. ॲम्प्लिफायर बसवणार असाल तर त्याची जाड वायर थेट बॅटरीवरून आणि बॅटरीपासून वीतभराच्या अंतरात फ्यूज, हा फ्यूज नसेल तर ती वायर बॉनेटच्या पत्र्याला घासून उघडी पडली की आग लागते. डॅशकॅम मात्र मी सगळ्यांना लावा म्हणतो, पहिल्या दिवसापासून, फक्त आत बॅटरी असलेला नको, कपॅसिटरवाला घ्या, नागपूर-अकोल्याकडच्या उन्हाळ्यात बंद गाडीत काचेला चिकटलेली लिथियम बॅटरी फुगते.

टायर आणि अलॉय. इथे मी वर सांगितलेला सहा महिन्यांचा नियम लागत नाही, कारण कोरे टायर शंभर-दोनशे किमीच्या आत एक्स्चेंजला दिले तर दुकानदार चांगला भाव देतो, पाच हजार किमीनंतर तो बराच उतरतो. पण आकडे घरी बसून काढा. व्हीएक्सआयला १६५/८० आर१४ येतो. १६५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे रुंदीच्या ८० टक्के उंचीची कड, म्हणजे १३२ मिमी, वर आणि खाली मिळून २६४, त्यात १४ इंची रिम म्हणजे ३५५.६, एकूण चाक ६१९.६ मिमी. वरच्या झेडएक्सआय व्हेरियंटचा १८५/६५ आर१५ काढला तर ६२१.५ येतो, फक्त दोन मिमीचा फरक. म्हणजे स्पीडोमीटर, एबीएस, सगळं जसंच्या तसं, आणि हा साइज कंपनीने स्वतः त्याच गाडीवर दिलेला, यापेक्षा सुरक्षित अपसाइझ नाही. कुठलाही साइज बघाल तर एकूण व्यास मूळच्या तीन टक्क्यांच्या पलीकडे जाऊ देऊ नका.

पण नुसता व्यास जुळणंही पुरेसं नाही. १९५/५५ आर१६ चा हिशोब करा, ६२०.९ येतो, कागदावर एकदम परफेक्ट. त्याची कड मात्र १०७ मिमी, म्हणजे मूळच्यापेक्षा रस्ता आणि रिम यांच्यातलं अडीच सेंटीमीटर रबर कमी झालं. आपले पावसाळ्यातले रस्ते डोळ्यासमोर आणा, पाण्याने भरलेला खड्डा, साठचा स्पीड, अलॉय वाकतो नाहीतर टायरच्या कडेला फुगा येतो. म्हणून सोळा इंची मी छोट्या गाडीला नको म्हणतो. अलॉय घेताना पीसीडी, म्हणजे नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, स्विफ्टला ४x१०० लागतो, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं तो आकडा) मूळच्या जवळचा हवा, मधलं भोक मोठं असेल तर हब रिंग (ती फट भरणारी कडी) मागून घ्या नाहीतर ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं. टायरच्या कडेवरचा लोड इंडेक्सचा (टायर किती वजन पेलेल त्याचा) आकडा मूळच्यापेक्षा कमी नको. मूळ नट जपून ठेवा, काही अलॉयचे नट वेगळे असतात आणि स्टेपनीचं लोखंडी चाक जुन्याच नटांनी बसतं, हे रात्री हायवेवर कळून उपयोग नाही. बसवल्यावर शंभर किमीच्या आत नट पुन्हा एकदा आवळून घ्या.

गाडी खाली घासते म्हणून स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालायचं फॅड गावाकडे फार आहे. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी आहे, पाच माणसं आणि डिकी भरली की स्पीडब्रेकरला घासते हे खरंय. बफर घातल्याने गाडी वर राहते पण स्प्रिंगचं जे काम, दबणं, तेच अडवलं जातं, मग तो धक्का शॉकॲब्सॉर्बर आणि वरच्या माउंटिंगवर, आणि ओल्या वळणावर टायरची पकड कमी. ब्रेकर तिरका घ्या, सावकाश घ्या. अजून गाडी घेतली नसेल आणि रस्ता रोजचाच तसा असेल तर उंच गाडी घ्या, हॅचबॅकला उंच करत बसू नका.

रीमॅपचा मोह टर्बो पेट्रोल आणि डिझेलवाल्यांना होतो. टर्बोमध्ये ताकद खरंच जाणवण्याइतकी वाढते हे मान्य, पण नवीन गाडीला करू नका, ईसीयूत किती वेळा लिहिलं गेलंय त्याची नोंद राहते, मूळ फाइल परत टाकली तरी, आणि इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी गेली. गिअरबॉक्स आणि क्लच किती टॉर्क सोसेल ते ठरलेलं असतं, ते कुणी वाढवत नाही. स्विफ्टच्या १२०० सीसी विनाटर्बो इंजिनला तर यातून हाती काही लागत नाही, पैसे वाया. कोन फिल्टर (शंकूसारखा उघडा एअर फिल्टर) पण नको, धूळ जास्त खातो आणि बॉनेटमधली गरम हवा ओढतो.

सीएनजी हवा असेल तर कंपनीचीच सीएनजी गाडी घ्या. नवीन पेट्रोल गाडीला बाहेरून किट म्हणजे त्या मॉडेलसाठी मंजूर असलेलं किट शोधा, आरसीवर इंधन बदलाची नोंद करा, इन्शुरन्सवर चढवा, आणि तरी इंजिनाच्या वॉरंटीचा घोळ राहतोच. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने टाकीची तपासणी) दोन्हीकडे लागते.

कोकणातल्या आणि किनाऱ्यावरच्या लोकांनी अंडरबॉडी कोटिंगचं विचारलं तर माझं उत्तर हो, पण कुणाकडून करताय ते बघून. दाराच्या खालच्या कडेला आणि फ्लोअरला पाणी निघून जायची छोटी भोकं असतात, घाईत फवारणाऱ्याने ती बुजवली की पाणी आतच साचतं आणि गाडी आतून सडते, कोटिंग न केलेलीपेक्षा लवकर. काम झाल्यावर गाडी लिफ्टवर असतानाच खाली जाऊन भोकं मोकळी आहेत का बघा. मडफ्लॅप कंपनीच्या मूळ स्क्रूच्या जागीच बसवा, पत्र्याला नवीन भोक पाडू देऊ नका, रंग फाटला की तिथूनच गंज सुरू.

शेवटी कागदपत्रं, ज्याकडे कुणी बघत नाही. जे काही बसवाल त्याचं जीएसटी बिल घ्या आणि इन्शुरन्स कंपनीला मेल करून पॉलिसीवर चढवून घ्या. इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीजला किमतीच्या साधारण चार टक्के जास्तीचा प्रीमियम लागतो, म्हणजे तीस हजारांच्या सिस्टिमला वर्षाचे बाराशेच्या आसपास अधिक जीएसटी. न चढवता गाडी चोरीला गेली तर त्या सिस्टिमचा एक रुपया मिळत नाही, आणि वायरिंगमुळे आग लागली असा संशय सर्व्हेयरला आला तर गाडीचाच क्लेम अडकतो. काढलेला मूळ स्टिरिओ, बल्ब, चाकं, नट, सगळं गोणीत भरून माळ्यावर टाका आणि पिशवीवर तारीख लिहा. सेकंडहँड घेणारा माणूस स्टॉक गाडीलाच चांगला भाव देतो, त्यामुळे विकायच्या आधी सगळं मूळ परत बसवून घ्या आणि अलॉय, स्क्रीन वेगळे विका, त्यांचं गिऱ्हाईक वेगळं असतं आणि दोन्हीकडे जास्त पैसे मिळतात.